पहार उचलण्यापूर्वी

श्रोतेहो, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या आळीत जा. घराला घर लागलेले असते. दोन घरांमधली बोळ एवढीशी, की समोरून कुणी डोईवर हंडा घेऊन आले तर आपण भिंतीला पाठ लावून उभे राहावे. पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर आणि नारळी-पोफळी. या सगळ्याच्या खालून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, संडासाचा नळ गेलेला असतो. आजचा विषय हा नळ आहे. विषय नाक मुरडण्याजोगा खरा. परंतु ज्या विहिरीचे पाणी आपण भरतो, तिच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून थोडा वेळ ऐकून घ्यावे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत संडासापासून सेप्टिक टाकीपर्यंत एक नळ जातो आणि टाकीतून शोषखड्ड्यापर्यंत दुसरा. जुने नळ चिनी मातीचे, तुकड्याला तुकडा जोडून सिमेंटने सांधलेले. जमीन थोडी खचली की सांधा तडकतो. तडकलेल्या सांध्यातून केसासारखी बारीक मुळे आत शिरतात, तिथे ओल आणि खत दोन्ही मिळते म्हणून फोफावतात, आणि एके दिवशी संडास तुंबतो. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे तर याबाबतीत फार चिवट.

तुंबलेला संडास निदान दिसतो तरी. न तुंबता गळणारा नळ दिसतच नाही. उन्हाळ्यात त्यातला मैला वाळूत मुरतो. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की तेच उलट नळात शिरते आणि टाकी भरून वाहू लागते. आपल्या वाड्यांतली जमीन वाळूची, पाणी हाताशी. अशा जमिनीत मैल्याला विहिरीपर्यंत जायला फारसा वेळ लागत नाही.

हे नुसते भय घालणे नव्हे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट या दाट वस्तीत पटकीने ६००हून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी रस्त्यावरच्या एका पंपाकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी जमीन उकरून पाहिली, तेव्हा जवळच्या घराच्या मैलकुंडाची वीट कुजलेली निघाली, आणि ते कुंड पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होते! एका घराचा गळका हौद, आणि दुःख साऱ्या आळीला. आपल्या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा असे सांगितले आहे. आता आपल्या जुन्या आळीत एका घराच्या विहिरीपासून ६० फूट मोजा पाहू. तेवढ्यात चार घरे लागतील.

मग दुरुस्ती करायची कशी? गवंडी येतो, पहार घेतो, आणि अंदाजाने खणू लागतो. ओटीची फरशी जाते, गडगा ढासळतो. नळ शेजारच्या ओट्याखालून गेलेला असला, तर शेजारी म्हणतो, "काका, नळ फुटला तुमचा, आणि ओटा फोडणार माझा?" त्याचेही खरेच असते. असे भांडण नको म्हणून वर्षानुवर्षे नळ तसाच गळत राहतो.

या अडचणीवरही तोड निघाली आहे, आणि तीही त्याच लंडनमध्ये. १९७१ साली एरिक वूड या अभियंत्याने हॅकनी भागातले एक जुने विटांचे गटार न खणता आतून दुरुस्त केले. रीत अशी. आधी नळ पाण्याच्या जोरदार झोताने धुऊन मुळे कापायची. मग राळेत भिजवलेली नमद्यासारखी मऊ नळी, पायमोजा उलटा करावा तशी, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने आत ढकलायची. ती जुन्या नळाला आतून चिकटून बसते. नंतर गरम पाण्याने वा वाफेने ती काही तासांत कडक होते, आणि जुन्या नळाच्या पोटात नवा, बिनसांध्याचा नळ तयार! दुसऱ्या रीतीत एक शंकू आतून ओढत नेतात. तो जुना नळ फोडीत जातो आणि त्याच्या मागोमाग नवा प्लॅस्टिकचा नळ सरकतो. मुंबईत गजबजलेल्या रस्त्यांखालच्या जुन्या मैलवाहिन्या न खणता दुरुस्त करण्याचे काम झालेले आहे.

परंतु, श्रोतेहो, ही जादूची कांडी नव्हे. नळ पार कोसळला असेल, तर मऊ नळी आत जाणार नाही. उतार बिघडला असेल, तर अस्तरही त्याच वाकड्या वाटेने बसेल. शंकूने नळ फोडताना शेजारचा पाया वा पाण्याचा नळ फार जवळ असून चालत नाही. आणि मोकळ्या परसात दोन फूट वाळूखाली असलेल्या नळासाठी तर यंत्र आणणे म्हणजे मुंगी मारायला मुसळ. तिथे कुदळच बरी. जिथे नळ भिंतीखालून, ओट्याखालून किंवा आळीच्या एकुलत्या एक वाटेखालून गेला आहे, तिथे ही रीत उपयोगी. खर्च मांडताना पुन्हा घालावी लागणारी फरशी आणि ढासळलेला गडगाही हिशेबात धरावा. यंत्र एका घराला परवडणार नाही. आळीने मिळून बोलावले तर गोष्ट वेगळी.

मात्र या दुरुस्तीची पहिली पायरी आपल्या हातातली आहे, ती म्हणजे पाहणे. नळात सोडायचा छोटा कॅमेरा असतो. तो तडा कुठे आहे ते दाखवतो, मग खणायचे ठरले तरी नेमके तेवढेच खणता येते. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, मुलांकडून आपल्या आळीचा नकाशा काढून घ्यावा : विहिरी कुठे, टाक्या कुठे, शोषखड्डे कुठे, कुणापासून कोण किती फुटांवर. नळ कुठून गेला हे घरातल्या आजोबांना विचारावे. पुष्कळदा ते त्यांनाच ठाऊक असते. विहिरीचे पाणी आरोग्य केंद्रामार्फत तपासून घ्यावे. १९८२ साली आपल्याच शास्त्रज्ञांनी एक सोपी बाटली शोधून काढली. मैल्यातले जंतू असलेले पाणी तीत एक-दोन दिवसांत काळे पडते. तोवर पाणी उकळून प्यावे, हे काही नव्याने सांगायला नको.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. टाकी तुंबली म्हणून कुणा गरिबाला चार पैसे देऊन आत उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो, आणि २०१३च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हाही आहे. मैला उपसणारी गाडी बोलवा. बोळीत गाडी शिरत नसेल, तर लांब नळी लावता येते.

आपल्या वाडवडिलांनी विहिरी बांधल्या, त्या सगळ्या आळीच्या म्हणून. घागर भरताना आपण जसे एकमेकांचे असतो, तसे ओट्याखालच्या नळाबाबतही असले पाहिजे. तेव्हा पहार उचलण्यापूर्वी शेजाऱ्याला हाक मारा, दोघे मिळून नकाशा पाहा, आणि मगच काय ते ठरवा.