दुभाष्याचे हात

एखाद्या रविवारीं सकाळीं उपासनामंदिरांत लोक जमले आहेत. वाद्य वाजत आहे, गीत चाललें आहे, मग व्यासपीठावरून धर्मोपदेश सुरू होतो. आणि मागच्या बाकावर एक मनुष्य नुसता बसलेला आहे. सर्व उठले कीं तो उठतो, सर्व बसले कीं तो बसतो. उपदेशकाचे ओंठ हललेले त्याला दिसतात, पण त्यांतून काय निघालें तें त्याला कळत नाहीं, कारण तो जन्मतः बहिरा आहे. शेजारच्या लोकांना तो भाविक वाटतो. त्याला स्वतःला मात्र आपण आंत असूनहि भिंतीबाहेर उभे आहोंत असें वाटत असतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंतील मोठमोठ्या शहरांत हीच स्थिति होती. ती पालटावी म्हणून ज्या कुटुंबानें दोन पिढ्या आपले हात झिजविले, त्या गॅलोडेट कुटुंबाची हकीगत आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्या काळीं अशा लोकांना ‘मुकेबहिरे’ म्हणत. हा शब्द आतां मागें पडला आहे, व तें योग्यच झालें. कारण ज्याच्याजवळ भाषा आहे तो मुका नव्हे. त्याची भाषा कानासाठीं नसून डोळ्यांसाठीं असते, एवढाच भेद.

थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांचा जन्म १७८७ सालचा. धर्मोपदेशकाचें शिक्षण पुरें करून ते १८१४ मध्यें कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड या गांवीं घरीं आले. शेजारीं डॉक्टर कॉग्जवेल राहत असत. त्यांची आठनऊ वर्षांची मुलगी ॲलिस लहानपणच्या दुखण्यानें बहिरी झाली होती. इतर मुलें खेळत असतां ती एकटी बाजूला उभी असलेली गॅलोडेटांनीं पाहिली. त्यांनीं आपली टोपी तिला दाखविली आणि काठीनें मातींत टोपीचीं अक्षरें लिहिलीं, अशी हकीगत सांगतात. वस्तूला नांव असतें हें त्या मुलीच्या ध्यानीं आलें, आणि शिकविणाराच्या ध्यानीं हें आलें कीं, या कामाची विद्या आपल्याजवळ नाहीं.

ती विद्या मिळविण्यासाठीं ते १८१५ मध्यें युरोपांत गेले. ब्रिटनमध्यें ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या. परंतु त्या घराण्यानें आपली पद्धति धंद्याच्या गुपिताप्रमाणें जपली होती, आणि त्यांच्या अटी गॅलोडेटांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. पॅरिसच्या सरकारी शाळेंत मात्र आबे सिकार यांनीं दार उघडें ठेविलें. तेथें खुणांच्या भाषेंतून शिक्षण चाले. तेथील एक बहिरे शिक्षक लॉरां क्लेर यांना गॅलोडेटांनीं आपल्याबरोबर अमेरिकेस येण्याविषयीं विनविलें, व ते निघाले. १८ जून १८१६ रोजीं सुटलेलें गलबत ९ ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्कला लागलें. त्या बावन्न दिवसांत गॅलोडेट क्लेरांना इंग्रजी शिकवीत आणि क्लेर गॅलोडेटांना खुणा शिकवीत. दोघेहि गुरु आणि दोघेहि शिष्य, अशी ती समुद्रावरची शाळा होती. १५ एप्रिल १८१७ रोजीं हार्टफर्डला शाळा उघडली. क्लेरांनीं आणलेल्या फ्रेंच खुणा आणि विद्यार्थ्यांनीं घरून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणांतून अमेरिकेची आजची खुणांची भाषा घडली. यामुळेंच इंग्रजी हीच दोन्ही देशांची बोली असतांहि, ब्रिटनमधील बहिऱ्या माणसाची भाषा अमेरिकन बहिऱ्याला समजत नाहीं.

पहिल्या वर्षीं आलेल्या विद्यार्थ्यांत सोफिया फाउलर नांवाची एकोणीस वर्षांची तरुणी होती. तोंवर तिला शाळा अशी लाभलीच नव्हती. १८२१ मध्यें गॅलोडेटांनीं तिच्याशीं विवाह केला. त्यांना आठ अपत्यें झालीं. या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं. आई ऐकत नाहीं, म्हणून तिला हांक मारून उपयोग नाहीं. तिच्या नजरेपुढें यावें लागतें, किंवा तिच्या खांद्याला हात लावावा लागतो. दिवा मालवला कीं बोलणेंहि संपतें. अशा घरांतील ऐकणाऱ्या मुलाला पहिला शब्द हातानें कळतो, आणि पुढें दाराशीं आलेल्या माणसाचें म्हणणें आईला व आईचें म्हणणें त्या माणसाला सांगण्याचें काम न मागतां त्याच्याकडे येतें. इतर मुलांना जी विद्या कष्टानें मिळवावी लागते, ती त्याला दुधाबरोबर मिळते; पण मोठ्यांच्या चिंताहि त्याला लवकर कळूं लागतात. दुभाष्याचा मान आणि दुभाष्याचा भार हीं दोन्ही त्याच्या वांट्यास एकदमच येतात.

थोरला मुलगा थॉमस १८२२ मध्यें जन्मला. पदवी घेतल्यावर १८४३ पासून तो न्यूयॉर्कच्या कर्णबधिरांच्या शाळेंत शिक्षक झाला. १८४५ मध्यें त्यानें त्याच शाळेंत शिकलेल्या एलिझाबेथ बड या बहिऱ्या तरुणीशीं विवाह केला. म्हणजे ज्याची आई खुणांनीं बोले त्याची पत्नीहि खुणांनींच बोले. १८५१ मध्यें एपिस्कोपल पंथाची, म्हणजे इंग्लंडांतील राजमान्य पंथाच्या अमेरिकन शाखेची, पूर्ण दीक्षा घेऊन ते रेव्हरंड थॉमस गॅलोडेट झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण लागलें तें एका आजाऱ्याच्या बिछान्यापाशीं. त्यांची एक बहिरी विद्यार्थिनी मरणाच्या वाटेवर होती. ते तिच्याकडे जात आणि तिच्याच भाषेंत तिच्याशीं बोलत व प्रार्थना करीत. शेवटच्या घटकेस मनुष्याला धीराचे दोन शब्द हवे असतात. ते सांगणारा जवळ आहे, परंतु त्याची भाषा कळत नाहीं, याहून दुसरा एकांतवास कोणता? शाळेंत असेतों मुलांना खुणा जाणणारे शिक्षक असत. शाळा सुटली कीं लग्न, आजार, दुःख, म्हातारपण या सर्वांत तीं एकटीं पडत. हें जाणून थॉमस यांनीं १८५२ मध्यें न्यूयॉर्कला सेंट ॲन्स नांवाचें कर्णबधिरांचें चर्च सुरू केलें. प्रारंभीं विद्यापीठाच्या एका लहान दालनांत लोक जमत. १८५९ मध्यें अठराव्या रस्त्यावर स्वतःची वास्तु मिळाली. तेथें कांहीं उपासना मुखानें व कांहीं खुणांनीं होत, म्हणून बहिरे आईबाप आणि त्यांचीं ऐकणारीं मुलें एकाच मंदिराचीं सभासद होऊं शकत. कुटुंब दुभंगूं न देण्याची ही युक्ति ज्या घरांतून आलेल्या माणसाला सुचावी, त्यालाच ती सुचली.

न्यूयॉर्कची सोय झाली, पण इतर शहरांचें काय? थॉमस आगगाडीनें गांवोगांव फिरूं लागले. आज एका शहरीं, पुढच्या रविवारीं दुसऱ्या. तेथील चर्चमध्यें एखादी वेळ मागून घ्यावी, बहिऱ्या मंडळींना आगाऊ पत्रें धाडावीं, खुणांनीं उपासना चालवावी, कोणाचें लग्न लावावें, कोणाच्या मुलाचा बाप्तिस्मा करावा, आणि पुन्हां गाडी गांठावी, असा त्यांचा क्रम असे. या कार्यासाठीं १८७२ मध्यें एक स्वतंत्र मिशन स्थापन झालें. पुढें हडसन नदीच्या खोऱ्यांत वृद्ध व अपंग कर्णबधिरांसाठीं एक आश्रमहि निघाला.

येथें दुभाष्याच्या विद्येकडे थोडें पाहिलें पाहिजे. नवशिक्याला वाटतें कीं ही हातांची विद्या आहे. वस्तुतः ती आधीं डोळ्यांची आहे. तो समोरच्याच्या बोटांकडे टक लावून बसतो, आणि तेथेंच फसतो. कारण प्रश्न कीं विधान हें भुवया सांगतात, होकार कीं नकार हें मान सांगते. नजर चेहऱ्यावर ठेवून हात तिच्या कडेनें टिपावयाचे, हा पहिला धडा. दुसरा धडा असा कीं, शब्दाला शब्द ठेवून चालत नाहीं. खुणांच्या भाषेला स्वतःचें व्याकरण आहे. आपल्या भारतीय खुणांच्या भाषेंतच पाहावें: ‘कोण आला?’ या प्रश्नांतील ‘कोण’ तेथें शेवटीं येतो. बोलण्यांतील दोन माणसांना समोरच्या हवेंत दोन जागा नेमून दिल्या कीं, कोणीं कोणास दिलें हें हाताच्या दिशेवरूनच कळतें. म्हणून दुभाष्यानें वाक्याचा अर्थ हातीं येईपर्यंत क्षणभर थांबावें, मग हात उचलावेत. पण फार थांबूं नये, नाहींतर पुढचें वाक्य निसटतें. विशेषनामें बोटांच्या अक्षरांनीं लिहून दाखवावीं. उजेड आपल्या तोंडावर असावा, पाठीशीं खिडकी नसावी, आणि अंगावरील वस्त्र साधें, हात उठून दिसतील अशा रंगाचें असावें.

तिसरा धडा सर्वांत कठीण. वक्ता ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानेंहि ‘मी’ म्हणावें. त्यांत आपलें मत घालूं नये, कटु शब्द गोड करूं नये, न विचारतां सल्ला देऊं नये, आणि ऐकलेलें बाहेर बोलूं नये. वैद्याच्या खोलींत, न्यायालयांत, कबुलीच्या वेळीं तो तिसरा मनुष्य असतो. आपण तेथें नव्हतोंच अशा रीतीनें त्यानें तेथें असावें लागतें.

थॉमस गॅलोडेटांची थोरवी ही कीं, या धड्याचा शेवट त्यांनीं ओळखला. ऐकणाऱ्यानें बहिऱ्यासाठीं बोलत राहणें हा कांहीं शेवट नव्हे. हेन्री विंटर सायल हे लहानपणीं बहिरे झालेले विद्वान गृहस्थ होते. त्यांनीं परीक्षा देऊन येल विद्यापीठाची पदवी मिळविली होती. त्यांना दीक्षा घेण्यास थॉमस यांनीं उत्तेजन दिलें. ज्याला आपला शब्द मुखानें उच्चारतां येत नाहीं, त्यानें धर्मविधि कसे चालवावेत, असा आक्षेप निघाला. तथापि पेन्सिल्व्हेनियाच्या बिशपांनीं तो मानला नाहीं, आणि १८७६ मध्यें सायल डीकन झाले. १८८३ मध्यें सायल आणि ऑस्टिन मॅन हे दोघे बहिरे गृहस्थ पूर्ण दीक्षित झाले. मॅन यांनीं मध्य-पश्चिमेकडील प्रांत फिरून पिंजून काढले; सायल यांनीं फिलाडेल्फियास ऑल सोल्स चर्च नांवारूपास आणलें. ज्या व्यासपीठावर पूर्वीं दुभाष्या उभा राही, तेथें आतां ज्याची भाषा तोच उभा राहिला.

या कुटुंबाच्या धाकट्या शाखेनेंहि मोठें काम केलें. बापाच्या मृत्यूनंतर, १८५७ मध्यें, वीस वर्षांचा धाकटा मुलगा एडवर्ड वॉशिंग्टन येथील नव्या शाळेचा प्रमुख झाला; आई सोफिया त्याच्याबरोबर तेथें मुलांची मेट्रन म्हणून गेली. जिला एकोणीस वर्षें शाळा माहीत नव्हती, तिनें अशा रीतीनें एका शाळेचें घर सांभाळलें. १८६४ मध्यें या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष लिंकन यांची सही झाली. आजचें गॅलोडेट विद्यापीठ तें हेंच.

परंतु वारें नेहमीं अनुकूल नव्हतें. १८८० मध्यें मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें, शाळांत खुणा नकोत, केवळ मुखानें बोलणें शिकवावें, असा ठराव मोठ्या बहुमतानें केला. मत देणारे जवळजवळ सारेच ऐकणारे होते. थॉमस व एडवर्ड हे दोघे बंधु तेथें हजर होते व ते विरोधांत राहिले. टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचीहि आई बहिरी व पत्नीहि बहिरी होती. तरी ते मुखशिक्षणाचे पुरस्कर्ते झाले. दोन घरें सारखीं, माया सारखी, पण निष्कर्ष उलट! मुखशिक्षणाचा कांहींना लाभ झाला हें खरें. पण हात बांधून घेतलेल्या असंख्य मुलांचें बालपण भाषेवांचून गेलें. २०१० मध्यें व्हॅंकूवर येथें भरलेल्या परिषदेनें तो जुना ठराव नाकारून खेद व्यक्त केला. त्याला एकशें तीस वर्षें लागलीं.

थॉमस १९०२ मध्यें निवर्तले. त्यानंतरहि बरींच वर्षें दुभाष्याचें काम बहिऱ्या आईबापांचीं मुलें, धर्मोपदेशक आणि शिक्षक हेच फावल्या वेळीं करीत. अमेरिकेंत दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना १९६४ मध्यें स्थापन झाली, तेव्हां हें उपकाराचें काम व्यवसाय झालें. आपल्याकडे कर्णबधिरांची मुंबईंतील पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें निघाली. १९८३ मध्यें वांद्रें येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आली, आणि २०१५ मध्यें दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. त्याच्या कोशांत २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले.

संस्था हव्यात, कायदेहि हवेत. तथापि या हकीगतीचें मूळ एका अंगणांत आहे, जेथें एक मुलगी एकटी उभी होती आणि एक मनुष्य तिच्याजवळ जाऊन मातींत लिहूं लागला. प्रत्येक गांवीं असें एखादें घर असतें. त्या घरच्या माणसाशीं मोठ्यानें ओरडून कांहीं साधत नाहीं. त्याच्या समोर उजेडांत उभें राहावें, त्याच्या तोंडाकडे पाहावें, आणि त्याची पहिली खूण त्याच्याकडूनच शिकून घ्यावी. क्लेर आणि गॅलोडेट यांच्या गलबतावर शाळेचा आरंभ याच रीतीनें झाला होता.