सायबॉर्ग, मी आणि दादा

कानात हेडफोन आणि हातात लोकलचा दांडा असेल, तर आधी दांडा घट्ट धरा. आज बोलूया सायबॉर्गबद्दल, म्हणजे डीसी कॉमिक्सच्या व्हिक्टर स्टोनबद्दल. यात माझी एक जुनी चूकही आहे.

व्हिक्टर पहिल्यांदा आला १९८० मध्ये. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. खेळाडू पोरगा, वडील शास्त्रज्ञ. लॅबमधला प्रयोग फसतो, आई जाते, व्हिक्टरचं अर्धं शरीर जातं. वडील धातूचे अवयव लावून त्याला वाचवतात. आता गंमत बघा, पोरगा थँक्यू म्हणत नाही, भडकतो. कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या पिढीला तो भेटला २००३ च्या 'टीन टायटन्स' कार्टूनमध्ये. तिथला सायबॉर्ग हसतो, दाबून खातो, 'बूयाह' ओरडतो. मी त्याचा डायहार्ड फॅन.

तर झालं असं, २०१३ साली मी अकरावीत होतो. माझ्या आतेभावाला, म्हणजे दादाला, रूळ ओलांडताना अपघात झाला. एक पाय गुडघ्याखालून गेला. तो घाटकोपरला घरी आला तेव्हा आम्ही मुलुंडहून भेटायला गेलो. त्याला हसवायला म्हणून मी म्हणालो, "दादा, आता तू सायबॉर्ग होणार!" दादा हसला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला. आत्या हळूच म्हणाली, "बाळा, चहा घे आणि नीघ तू."

माझं काय चुकलं, ते पुढे जुने अंक वाचताना कळलं. १९८१ च्या 'न्यू टीन टायटन्स'च्या आठव्या अंकात व्हिक्टरला कृत्रिम हातपाय लावलेली लहान मुलं भेटतात. लोक त्याला बघून दचकतात, पण या पोरांना त्याचे हात भारी वाटतात. ती त्याच्यासारखीच आहेत ना! मी तसा नव्हतो. मी धडधाकट उभा राहून दादाला नाव ठेवून मोकळा झालो होतो.

२०११ मध्ये डीसीने व्हिक्टरला जस्टिस लीगचा संस्थापक केलं आणि परग्रहावरचं तंत्रज्ञान दिलं. आमच्या इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचं तर फीचर्स वाढले, युजर मागे पडला. २०१७ च्या सिनेमात तर त्याची गोष्टच कापली गेली. २०२१ च्या चार तासांच्या आवृत्तीत ती परत आली. तिथे त्याला जुनं शरीर आणि आईवडील दोन्ही परत मिळण्याचं आमिष दाखवतात. तो नाकारतो. मी तुटलेला नाही, असं तो स्वतः ठरवतो.

दादाने जयपूर फूट लावला. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. तेव्हाचे परदेशी पाय बुटात घालायचे होते. या पायाने अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. म्हणजे आधी पाहिलं, आपला माणूस जगतो कसा, आणि मग पाय बनवला. व्हिक्टरच्या वडिलांचं नेमकं इथेच चुकलं होतं.

गेल्या गणपतीत दादा पंगतीत मांडी घालून बसला होता. मी मोबाइलचा चार्जर शोधत होतो. तो म्हणाला, "तुझ्या त्या सायबॉर्गला चार्जिंग लागतं ना रे? मला नाही लागत."

एवढ्या वर्षांनी तो शब्द त्याने स्वतः काढला. मी म्हणालो, "दादा, तेव्हाचं सॉरी."

"असू दे. मोदक वाढ."

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, रूळ ओलांडू नका, ब्रिज चढा!