नाव जसेच्या तसे

आमच्या गावाचे नाव मोहोळ. सोलापूर-पुणे रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पाटीवर हे नाव वाचताना तुम्हाला तीन अक्षरे दिसतात. मो, हो आणि ळ. संगणक त्यातच पाच खुणा मोजतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही ओकार वेगळे. आणि लिनक्सच्या संगणकावर एखाद्या फाइलला हेच नाव दिले, तर ते पंधरा बाइट जागा घेते. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. हा हिशेब मला कळण्याचे काही कारण नव्हते. पण एका मित्राच्या कवितांसाठी तो शिकावा लागला.

या मित्राला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. शाळामास्तर. चाळीस वर्षे कविता लिहिल्या, पण एकाही कवितेला शीर्षक दिले नाही. ‘पहिली ओळ हेच तिचे नाव,’ असे म्हणायचे. निवृत्तीनंतर एक जुना विंडोज एक्सपीचा संगणक घेतला आणि एका बोटाने सगळ्या वह्या टाइप करत बसले. प्रत्येक कवितेची एक फाइल, आणि फाइलचे नाव म्हणजे कवितेची पहिली ओळ, अस्सल मराठीत. माझ्यासारख्यांनी डॉसच्या काळात रोमन लिपीत, तेही आठ अक्षरांत, कशीबशी नावे दिली होती. अण्णांना ती तडजोड मान्य नव्हती.

अण्णा गेले. त्यांची मुलगी पुण्याहून आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि लहानपणापासून मला चाचा म्हणते. कवितांचे पुस्तक करायचे ठरले. ओळखीच्या एका दुकानात आम्ही संगणक नेला. तिथल्या मुलाने कॉपी करण्याचा एक जुना प्रोग्राम लावला, आणि पडद्यावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. शेवटी निरोप आला : फाइल सापडत नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. शीर्षके गेली म्हणजे अर्धे अण्णा गेले. ती मात्र शांत होती. ‘चाचा, कविता जागेवर आहेत. या प्रोग्रामला त्यांची नावं घेता येत नाहीत, एवढंच.’

तिने मला जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला आकडा देण्याची जी व्यवस्था, तिचे नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तेव्हाच देवनागरीला १२८ जागांचा एक वाडा मिळाला. विंडोजमध्ये फाइलपर्यंत जायला दोन दारे आहेत. जुने दार युनिकोडच्या आधीचे. तिथे बसलेल्या कारकुनाजवळ त्या त्या भाषेचा छोटा तक्ता, इंग्रजीसारख्या भाषांचा असेल तर फक्त २५६ चिन्हांचा. मराठीला या दारासाठीचा तक्ता कधी मिळालाच नाही. विंडोज २००० मध्ये मराठी आली, ती थेट नव्या, युनिकोडच्या दारातून. त्यामुळे जुन्या दाराने गेलेल्या प्रोग्रामने ‘नाव काय?’ विचारले, की कारकून न वाचता येणाऱ्या प्रत्येक खुणेसाठी एक प्रश्नचिन्ह लिहून देतो. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. मग तो कागद घेऊन प्रोग्राम परत आला, की फाइल कुठून सापडणार? २०१९ पासून विंडोज १० मध्ये जुन्या दारावरही युनिकोड चालवण्याची सोय झाली आहे. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती मागून घ्यावी लागते.

मग तिने स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. कवितांची एक नोंदवही करायची : फाइलचे नाव, तिचा पत्ता, तारीख. त्यासाठी तिने एसक्यूलाइट नावाची लायब्ररी घेतली. ही लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. दुसऱ्याने लिहून ठेवलेले, आपल्या प्रोग्रामात जोडता येणारे तयार काम. रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेली ही लायब्ररी आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्येही आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे ती चालते. तिची एक अट आहे. नेहमीच्या वापरात फाइलचे नाव यूटीएफ-८ या पद्धतीने द्यायचे. यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणून मोहोळचे पंधरा. विंडोजसाठी लागणारे रूपांतर ती लायब्ररी स्वतः करते.

सगळ्या फाइल निघाल्या. एकशे त्रेचाळीस. तिने त्या आपल्या मॅकवर उतरवल्या आणि पुन्हा मोजल्या. एकशे बेचाळीस भरल्या. एक कविता वाटेत हरवली होती, आणि कोणत्याही यंत्राने चूक झाल्याचे सांगितले नव्हते.

नोंदवहीत पाहिले, तर एकच नाव दोनदा होते : ‘वाऱ्या, जरा थांब’. डोळ्यांना काडीचाही फरक दिसेना. फरक होता तो ‘वाऱ्या’तल्या अर्ध्या र मध्ये. मराठीला हा र फार लागतो. दुसऱ्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ. तो लिहिताना युनिकोडमध्ये त्यासाठी असलेली एक खूण वापरता येते, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणा. तिसरीही एक रीत आहे, तिच्यात न दिसणारी एक जोडखूण असते. दिसायला सगळे सारखेच. मधल्या काळात अण्णांना कुणीतरी कीबोर्डची पद्धत बदलून दिली होती, तेव्हा त्यांच्याही नकळत रीत बदलली.

विंडोजच्या लेखी ही दोन नावे वेगळी. लायब्ररीही बाइटला बाइट लावून पाहते, तिलाही ती वेगळीच. मॅकची १९९८ पासूनची फाइल-पद्धत मात्र अशा जोड खुणा फोडून ठेवायची. २०१७ ची नवी पद्धत नाव दिले तसे ठेवते, पण पहिल्या दोन रीती एकच मानते. म्हणून मॅकवर दुसरी फाइल पहिलीच्या जागी जाऊन बसली. विंडोजचे चुकले नव्हते, मॅकचेही नाही. ज्याने नाव एकीकडून दुसरीकडे नेले, त्याने दोन्हीकडच्या रीती विचारात घ्यायला हव्या होत्या. ‘म्हणजे मीच,’ ती हसून म्हणाली.

जुन्या संगणकावर जाऊन आम्ही दोन्ही फाइल उघडल्या. ती एकाच कवितेची नक्कल नव्हती. एका फाइलमध्ये पाच कडवी होती, दुसरीत चार. तारखांवरून कळले, की आजारपणात अण्णांनी शेवटचे कडवे काढून टाकले होते. ते कडवे मी याआधी ऐकलेले नव्हते. एक फाइल दुसरीवर बसली असती आणि जुना संगणक भंगारात गेला असता, तर ते कधीच ऐकले नसते.

मला माझ्या समाजातली नावे आठवली. अझीझ, अजीज, अज़ीज़. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. प्रत्येक टेबलावर कुणीतरी सद्‌हेतूने ते ‘दुरुस्त’ केलेले असते, आणि पुढे हा माणूस तोच आहे हे शाबीत करताना म्हाताऱ्या माणसाचे जोडे झिजतात. गंमत म्हणजे नुक्त्याचा ज़ देखील युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो.

पुष्कळ जण सल्ला देतात, की फाइलची नावे इंग्रजीत द्या, कटकट नको. मला तो पटत नाही. मुलीने केले ते असे. प्रत्येक फाइलचे नाव अण्णांनी लिहिले तसेच राखले. नोंदवहीत त्याच्या शेजारी एक वेगळा रकाना केला. त्यात सगळी नावे एकाच रीतीने लिहिली. शोधायचे, जुळवायचे ते त्या रकान्यावरून. आणि दोन नावे जुळली तर एकावर दुसरे न लिहिता माणसाला विचारायचे. एवढेच तत्त्व : नाव ज्याचे त्याने दिले तसे न्यावे, आणि ओळख पटवण्याचे काम आपण करावे.

तुमच्या घरी कुणाच्या कविता, कुणाची पत्रे, कुणाचे फोटो मराठी नावांनी ठेवलेले असतील, तर चार गोष्टी करा. कॉपी करण्याआधी आणि नंतर फाइल मोजा. नावांची यादी छापून ठेवा. नावे फार लांबवू नका, कारण लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे आपल्या जेमतेम पंच्याऐंशी खुणा. अण्णांच्या दोन लांब ओळी तिथे बसल्या नसत्या. आणि संख्या जुळेपर्यंत जुना संगणक विकू नका.

पुस्तकात आम्ही चार कडव्यांची कविता घेतली आहे. ती अण्णांची शेवटची इच्छा. पाचव्या कडव्याची फाइलही जपून ठेवली आहे, तिच्या स्वतःच्या नावाने.