जलद चार्जिंगची केंद्रे आणि एसटीचे आगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजेवर चालणारे वाहन महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली आणि १९६४ पर्यंत धावत राहिली. देशातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर निघाली. १९६२ साली बेस्टने ट्रॉलीबसचाही प्रयोग करून पाहिला. या तिन्ही वाहनांत एक गोष्ट समान होती. वीज डोक्यावरच्या तारेतून मिळे आणि वाहन सार्वजनिक असे. आजच्या विद्युत वाहनाने तार सोडली व बॅटरी पोटात घेतली. तार सुटताच ते खासगी होऊ शकले आणि बॅटरी भरायची कोठे, किती वेळात व कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न उभा राहिला. जलद चार्जिंग केंद्रांच्या बांधणीकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहावयास हवे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेणे अवश्य आहे. कारण तिच्याविषयी बोलणारे बहुतेक लोक रस्त्याकडेचे चकचकीत खोके तेवढे पाहतात. घरातील वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची असते, तर बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला मोटार जोडली, तर हे रूपांतर गाडीतील लहानसे यंत्र करते आणि ताशी फार तर तीन युनिटे आत जातात. तीस युनिटांची बॅटरी भरायला रात्र जाते. जलद केंद्रात हेच रूपांतर गाडीबाहेर, कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि एकदिश प्रवाह थेट बॅटरीत सोडला जातो. साठ किलोवॅटच्या यंत्राने ते काम अर्ध्यापाऊण तासात उरकते. ऐंशी टक्के भरल्यावर मात्र बॅटरी स्वतःच वेग कमी करावयास लावते, म्हणून केंद्रावर शेवटच्या वीस टक्क्यांसाठी अडून बसणे हा मागे उभ्या असलेल्या गाड्यांवर अन्याय असतो.

अशी दोन यंत्रे एकाच वेळी चालली, तर मागणी १२० किलोवॅटची होते. एका घराचा भार सरासरी दोन किलोवॅट धरला, तर साठ घरांची वस्ती अचानक एका कोपऱ्यात येऊन बसावी, तसा हा भार आहे. गावातील चालू डीपीवर तो टाकता येत नाही. त्यासाठी अकरा हजार व्होल्टची वाहिनी आणावी लागते, स्वतंत्र रोहित्र बसवावे लागते, जमिनीखालून केबल टाकावी लागते, अर्थिंग पक्के करावे लागते आणि विद्युत निरीक्षकाची मान्यता घ्यावी लागते. चकचकीत खोक्यापेक्षा त्याच्या पाठीमागचा हा पसाराच पुष्कळदा वेळ आणि पैसा खातो.

आता कायद्याकडे वळावे. विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे वीज विकायची तर परवाना लागतो. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की बॅटरी भरून देणे ही वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे. सबब परवान्याची गरज नाही. व्यवहारात हा निर्णय सोयीचा होता हे मान्य करावयास हवे, अन्यथा केंद्रे उभीच राहिली नसती. परंतु या एका शब्दबदलाने विजेचा एक किरकोळ व्यापार नियमनाच्या चौकटीतून बराचसा बाहेर पडला. महावितरण ज्या दराने वीज देते तो दर नियामक आयोग ठरवतो, जाहीर सुनावणी घेऊन ठरवतो. केंद्रचालक ग्राहकाकडून जो दर घेतो त्याला तशी सुनावणी नाही. करांचा न्यायही मौजेचा आहे. विजेवरच्या वाहनावरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्क्यांवर आणला गेला. खुद्द विजेवर हा कर नाही. पण चार्जिंगची ‘सेवा’ १८ टक्क्यांच्या वर्गात जाऊन पडली. घरी, स्वतःच्या वाहनतळावर गाडी भरणारा या करातून सुटतो. चाळीत राहणारा आणि सार्वजनिक केंद्रावर अवलंबून असलेला तो भरतो.

जानेवारी २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात निदान एक केंद्र आणि महामार्गावर दोन्ही बाजूंस दर पंचवीस किलोमीटरला एक केंद्र असे उद्दिष्ट घातले. केंद्राला मिळणाऱ्या विजेचा दर सरासरी पुरवठा खर्चाहून अधिक नसावा, असेही सांगितले. याचा अर्थ समजून घ्यावा. आपल्या वीजदराच्या रचनेत व्यापारी व औद्योगिक ग्राहक सरासरी खर्चाहून अधिक देतात आणि त्या आधिक्यातून शेतीपंपाचा व गरीब घरगुती ग्राहकाचा दर खाली राहतो. चार्जिंग केंद्र हा व्यापार असूनही या देण्यातून मुक्त राहिला. नव्या उद्योगाला काही वर्षे अशी सवलत देणे अर्थशास्त्रात निषिद्ध नाही. सवलत कोणाच्या पदरात पडते, हे मात्र विचारले पाहिजे.

खासगी भांडवल या क्षेत्रात मुक्तहस्ते का येत नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे. साठ किलोवॅटचे यंत्र वर्षभर अहोरात्र चालले, तर ५,२५,६०० युनिटे देईल. ते पाच टक्के वेळच चालले, म्हणजे दिवसाला दोन-तीन मोटारी आल्या, तर वर्षाची विक्री २६,२८० युनिटांची होते. उदाहरणादाखल युनिटमागे आठ रुपयांचा गाळा धरला, तरी हाती येतात २ लाख १० हजार रुपये. यातून जागेचे भाडे, दुरुस्ती, घसारा आणि कर्जावरचे व्याज भागवायचे. तीन पाळ्यांच्या पहारेकऱ्यांचा पगारदेखील त्यात निघत नाही. म्हणून अनेक केंद्रांवर माणूसच नसतो आणि यंत्र बंद पडले तर ते दिवसेंदिवस बंदच राहते. वापर वीस टक्क्यांवर गेला, की तोच गाळा ८ लाख ४० हजारांवर जातो. तेव्हा जेथे हा वापर मिळण्याची खात्री आहे, तेथे, म्हणजे द्रुतगती मार्गालगतच्या उपाहारगृहांत आणि महानगरांतील बाजारसंकुलांत, भांडवल आपणहून जाते. जेथे खात्री नाही तेथे ते सरकारकडे पाहते. केंद्रे नाहीत म्हणून वाहने नाहीत आणि वाहने नाहीत म्हणून केंद्रे नाहीत, हे आधी कोंबडी की आधी अंडे असे चक्र आहे. ते फोडायला सार्वजनिक पैसाच लागतो.

तो पैसा आला आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १०,००० कोटींपैकी १,००० कोटी रुपये चार्जिंगच्या सोयींसाठी राखले होते. मार्च २०२३ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद केंद्रांकरिता ८०० कोटी मंजूर झाले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींत सार्वजनिक चार्जिंगचा वाटा २,००० कोटींचा आहे. डिसेंबर २०२४ अखेरीस देशात सुमारे पंचवीस हजार सार्वजनिक केंद्रे झाली होती. त्यांत कर्नाटक पहिला आणि ३,७०० हून अधिक केंद्रांसह महाराष्ट्र दुसरा होता. मागणीच्या आधी पायाभूत सोय उभी करणे, हे सरकारचे काम आहे याविषयी समाजवाद्याचे दुमत असण्याचे कारण नाही. आडगावाला एसटी पोहोचली ती भारमान पाहून नव्हे.

पण ही जलद केंद्रे कोणाची भूक भागवतात? आपल्या देशात खपणाऱ्या विजेच्या वाहनांपैकी दहांत नऊ दुचाकी व तीनचाकी आहेत. मोटारीसाठी बनविलेल्या उच्चदाबाच्या एकदिश यंत्राचा जोड त्यांना बसतच नाही. ई-रिक्षावाला रात्री वस्तीतल्या एखाद्या दुकानदाराकडे भाडे देऊन, उघड्या वायरीवर गाडी भरतो. घरोघरी डबे आणि पुडकी पोहोचवणाऱ्या तरुणाला दुपारच्या दोन फेऱ्यांमध्ये बॅटरी बदलून मिळाली, तर त्याची मजुरी बुडत नाही. त्यांची गरज साध्या, सुरक्षित, स्वस्त जोडणीची अथवा बॅटरी बदलून देणाऱ्या ठाण्याची आहे. पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० आणि चारचाकींसाठी २२,१०० यंत्रांचे उद्दिष्ट ठेवले आहे, हे खरे. तथापि यंत्रांची संख्या हे फसवे माप आहे. एक यंत्र तीन किलोवॅटचे आणि दुसरे साठचे असेल, तर दोहोंना ‘एक’ म्हणून मोजणे म्हणजे चिमणीचा व हत्तीचा चारा एकाच पाटीने मोजणे होय. बसगाड्यांसाठी तर १,८०० यंत्रेच आहेत.

वास्तविक या सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली बसगाडीत आहे. बारा मीटरची विजेची बस शंभर किलोमीटरला साधारण १२० युनिटे घेते. तीत चाळीस माणसे बसली, तर माणशी तीन युनिटे झाली. मोटार तेवढ्याच अंतराला पंधरा युनिटे घेते. आत एकच इसम असेल तर माणशी पंधरा, दोघे असले तर साडेसात. जलद केंद्रातून दिलेले प्रत्येक युनिट बसला मिळाले, तर ते मोटारीच्या अडीच ते पाचपट काम करते. धुराचे नाव नाही म्हणून मोटारवाल्याने समाधान मानू नये; देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशावर होते. ठाण्या-पुण्यातला धूर कमी होतो तेव्हा चंद्रपूरची राख वाढत असते. त्यातल्या त्यात दुपारी, सौर वीज मुबलक असताना बॅटरी भरणे इष्ट. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सकाळी ९ ते दुपारी ४ दर कमी आणि इतर वेळी जास्त ठेवण्याचे सूत्र आणले ते याचसाठी. दुपारी आगारात दोन तास उभी राहणारी बस या सूत्राचा लाभ घेऊ शकते.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेची ‘शिवाई’ त्याच मार्गावर सुटली. (नगर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, रस्ता तोच आहे.) या दोन बसगाड्यांत चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे, आणि एक दुसरेही अंतर आहे. पहिली बस लोकांच्या मालकीची होती. दुसरीच्या काळात मात्र भाडेतत्त्वाची रीत रूढ झाली : गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, सर्वसाधारणपणे चार्जिंगची यंत्रेही त्याचीच, सार्वजनिक उपक्रमाने जागा द्यायची, उच्चदाबाची वाहिनी आणून द्यायची आणि किलोमीटरमागे पैसे मोजायचे. २०२३ साली ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार एसटीने केला. ठरलेल्या मुदतीत गाड्या आल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो रद्द करण्याचे निर्देश दिले. मुंबईत बेस्टकडे अशाच भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंत्राटी चालकांना ऑगस्ट २०२३ मध्ये पगारवाढीसाठी संप करावा लागला. शेजारच्या गाडीवर तेच काम करणारा कायम चालक त्यांच्याहून कितीतरी अधिक वेतन घेतो, हे ते रोज पाहत होते.

बेस्टचा उल्लेख ओघाने आला, पण तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे असे एक कारण आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने खासगी कंपनीकडून घेतलेला हा उपक्रम वीजही वाटतो आणि बसही चालवतो. वीजपुरवठादार आणि वाहतूकदार एकाच छत्राखाली असणे, हे चार्जिंगच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असावयाचे? पण ज्या संस्थेला हे काम जन्मजात येत होते तीच आज गाड्या आणि माणसे भाड्याने घेते. एसटीला ती सोय नव्हती; पण तिच्याजवळ जमीन आहे. राज्यात सुमारे अडीचशे आगारे आहेत, बसस्थानके त्याहून दुप्पट, आणि ती बहुतेक गावाच्या मध्यावर. महामार्गालगत जागा शोधत हिंडणाऱ्या केंद्रचालकाला यापेक्षा मोक्याचे काही मिळणार नाही. सार्वजनिक जागा महसूल वाटून देताना युनिटमागे निदान एक रुपया घ्यावा, असे २०२२ च्या तत्त्वांत म्हटले आहे. पहिल्या गणितातील २६,२८० युनिटांवर तो वर्षाला २६ हजार रुपये होतो. तालुक्याच्या बसस्थानकातील पानटपरीचे भाडे याहून कमी नसावे.

म्हणून रोहित्र, वाहिनी आणि यंत्रे एसटीच्याच मालकीची असावीत; दिवसा व रात्री बसने ती वापरावीत आणि मधल्या रिकाम्या वेळात मोटारी व रिक्षांना दर आकारून द्यावीत. बस हा बांधील ग्राहक असल्यामुळे वापर पाच टक्क्यांवर अडकून पडत नाही, हे या मांडणीचे बळ आहे. सहकारी संस्थांनी हे काम घ्यावे असे सुचविणाऱ्यांनी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा इतिहास जरूर वाचावा. नगर जिल्ह्यात चार दशके वीज वाटणाऱ्या त्या संस्थेचे क्षेत्र २०११ साली, मोठी थकबाकी मागे ठेवून, महावितरणकडे गेले. सहकाराचे नाव पुरेसे नसते. मीटर, वसुली आणि हिशेबतपासणी लागते.

एक प्रश्न ग्रामीण कार्यकर्त्यांना सभांमधून हमखास विचारला जाईल. पैसे भरूनही शेतीपंपाची जोडणी वर्षानुवर्षे मिळत नाही, पाळीच्या विजेसाठी शेतकरी रात्री साप-विंचवातून दारे धरायला जातो, आणि महामार्गावरच्या मोटारीला मात्र चोवीस तास थ्री-फेज वीज. ही कोणती नीती? याला ‘दोन्हींचा निधी वेगळा आहे’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी पुरे पडत नाही. २०२५ च्या राज्य धोरणाने विजेच्या मोटारींना मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे पथकर माफ केला. त्याच वर्षी पंपाच्या प्रतीक्षायादीचे काय झाले, हे आपल्या तालुक्याच्या उपविभागीय कार्यालयातून कार्यकर्त्यांनी मागून घ्यावे आणि केंद्रासाठी येणारी नवी वाहिनी कोणत्या उपकेंद्रातून निघते, तेथे किती क्षमता शिल्लक आहे, तेही विचारावे. वीजदराच्या याचिकांवर नियामक आयोगापुढे कोणाही ग्राहकाला लेखी हरकत नोंदवता येते व सुनावणीत बोलता येते. बसस्थानकाची जागा देण्याची निविदा निघेल तेव्हा तिच्यात तीन कलमे प्रथम शोधावीत : मुदत संपल्यावर रोहित्र व यंत्रे कोणाची, यंत्र बंद राहिल्यास दररोज दंड किती, आणि रिक्षा-दुचाकींसाठी जोडण्या किती.