पेशींचा शेजारधर्म
(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा संक्षेप)



खरचटलेली त्वचा भरून येते आणि जखम बुजताच वाढ थांबते. थांबण्याची खूण पेशींना कोण देते? उत्तराचा मोठा भाग प्रयोगशाळेतील तबकडीत सापडला.

१९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल अॅबरक्रॉम्बी यांनी कोंबडीच्या भ्रूणहृदयातील पेशी पाहिल्या. दोन पेशी एकमेकींना भिडल्या की त्यांची पुढील वाटचाल थांबे. १९६३ मध्ये टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या ‘३टी३’ पेशी वाढविल्या. तबकडीवर एकच थर पुरा झाला की त्या विभाजन थांबवीत. थरावर ओरखडा काढला, तर कडेच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. कर्करोगाच्या पेशी मात्र हा निर्बंध जुमानत नाहीत. त्या एकमेकींवर ढीग रचतात.

स्पर्शाची वर्दी पेशीपृष्ठावरील कॅढेरिन ही प्रथिने आत पोहोचवितात. दाटी झाली की वाढीस चालना देणारे ‘वायएपी’ हे प्रथिन केंद्रकाबाहेर रोखले जाते. पोषकद्रवातील वाढ-घटकांचाही यात वाटा असतो.

परंतु शेजारी केवळ अडवीत नाही, आधारही देतो. मानवी त्वचेच्या पेशी तबकडीत एकट्या नीट वाढत नसत. १९७५ मध्ये ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी किरणोत्साराने विभाजन थांबविलेल्या ३टी३ पेशींच्या सोबतीला त्या ठेवल्या आणि त्या जोमाने वाढल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन बालकांच्या शरीराचा सुमारे निम्मा भाग त्यांच्याच पेशींपासून वाढविलेल्या त्वचेने झाकता आला. दोघेही वाचले.

अशी त्वचा तयार होण्यास तीनचार आठवडे लागतात. तोवर जंतुसंसर्गापासून रुग्णाचे रक्षण करते ती मृत दात्याची त्वचा. त्या बालकांनाही तिचा आधार मिळाला होता. आपल्याकडे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मांड्या, पाय व पाठीवरील केवळ पातळ थर घेतला जातो. देह विद्रूप होत नाही. रक्तगट जुळण्याचीही आवश्यकता नसते.

पेशी जो शेजारधर्म पाळतात, तो आपणही पाळावा. आज घरी गेल्यावर त्वचादानाविषयी कुटुंबीयांशी अवश्य बोलावे, कारण त्या सहा तासांत निर्णय त्यांनाच घ्यावयाचा असतो.