घरदुरुस्तीचा खर्च आणि भाडेकरूचा हक्क

पावसाळा तोंडावर आला की भाड्याच्या घरांतून एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. कौले सरकलेली असतात, वासे किडलेले असतात, न्हाणीघराच्या भिंतीत ओल मुरलेली असते. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे, तेव्हा दुरुस्तीही त्यानेच करावी. मालक म्हणतो, मिळणारे भाडे ते केवढे, त्यात दुरुस्ती कशी परवडणार? हा वाद मिटेपर्यंत पाऊस थांबत नाही. अखेर भाडेकरूच पदरमोड करून गवंडी बोलावतो, आणि पुढे झालेला खर्च मागू लागला की त्याला एकच उत्तर मिळते : "तुम्हांला दुरुस्ती करायला कोणी सांगितले होते?"

या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेले आहे. मात्र ते उत्तर ज्याने नोटीस दिली, वेळेवर काम केले आणि हिशेब जपून ठेवला, त्याच्याच उपयोगी पडते. शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, तलाठी यांच्याकडे अशी गाऱ्हाणी नेहमी येतात. त्यांतील अनेक जण स्वतःही बदलीच्या गावी भाड्याने राहतात. म्हणून या हक्काचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची भूमिका

राज्यात पूर्वी भाडे नियंत्रणाचे तीन वेगवेगळे कायदे होते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण व मुंबईत १९४७ चा मुंबई भाडे अधिनियम, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड आदेश, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद अधिनियम लागू होता. या तिहींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला.

या अधिनियमाचे कलम १४ घरदुरुस्तीविषयी आहे. भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल, तर जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास प्रत्येक घरमालक बांधील आहे, असे ते सांगते. मालकाने या कर्तव्याकडे दुर्लक्ष केले, तर भाडेकरूने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरूला एकट्याने किंवा इतर भाडेकरूंसह दुरुस्ती करून घेता येते आणि तो खर्च भाड्यातून कापून घेता येतो अथवा अन्य मार्गाने मालकाकडून वसूल करता येतो.

मात्र "विरुद्ध करार नसेल तर" हे शब्द दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. भाडेपट्ट्यावर सही करताना "सर्व दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात" अशी एखादी ओळ नजरेतून सुटली, तर पुढे कलम १४ चा आधार घेणे कठीण होते. तसेच हे कलम भाडेकरूंसाठी आहे. अनुज्ञप्ती करारावर, म्हणजे ज्याला व्यवहारात लिव्ह अँड लायसन्स म्हणतात अशा करारावर, राहणाऱ्याने करारातील दुरुस्तीच्या अटीच पाहाव्यात.

आधी नोटीस, मग काम

अनेकांचा हक्क येथेच हातचा जातो. दुरुस्ती आधी होते आणि पत्र मागाहून लिहिले जाते. तोंडी सांगितलेले मालक नाकारतो आणि साक्षीला कोणी नसते. नोटीस टपालाने किंवा अन्य रीतीने देता येते, पण ती पोहोचल्याचा पुरावा हाती असलाच पाहिजे. तिच्यासाठी वकिलाची भाषा लागत नाही. कोणत्या खोलीत काय बिघडले आहे, त्यामुळे कोणता धोका आहे, कोणते काम करणे आवश्यक आहे आणि किती दिवसांत ते व्हावे, एवढे साध्या मराठीत लिहिले की पुरे. शक्य असल्यास गवंड्याचा किंवा सुताराचा अंदाजखर्च आणि दिनांक नोंदविलेली छायाचित्रे सोबत जोडावीत. गावातील शिक्षकाने असे एक पत्र नीट लिहून दिले, तर एखाद्या कुटुंबाचा पुढील मनस्ताप टळू शकतो.

काम सुरू झाल्यावर प्रत्येक खर्चाची पावती घ्यावी. कौले, सिमेंट, नळाचे सामान यांची बिले आणि कारागिरांच्या मजुरीच्या सह्या एका वहीत तारीखवार लावाव्यात. पाच हजार रुपयांहून अधिक रक्कम मिळाल्याच्या पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून घ्यावे. याचे कारण कलम १४ मध्येच आहे. भाडेकरूंनी ठेवलेले हिशेब व पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल व तो मालकावर बंधनकारक राहील, असे त्यात म्हटले आहे. सामान्य माणसाच्या वहीला कायद्याने इतके वजन दिल्याची उदाहरणे थोडीच असतील. ती वही कोरी ठेवणे म्हणजे हाती आलेला पुरावा गमावणे होय.

वाटणीचा हिशेब

खर्च अनेकांनी मिळून केला, तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात ठरतो आणि त्यावर दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे सरळव्याज मिळते. मात्र कोणत्याही एका वर्षात कापून घ्यावयाची किंवा वसूल करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये.

उदाहरणादाखल एका वाड्यात चार भाडेकरू आहेत असे समजू. दोघांचे मासिक भाडे प्रत्येकी ६०० रुपये व दोघांचे प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे एकूण २,००० रुपये आहे. छप्पर शाकारण्यास व चार वासे बदलण्यास ४,८०० रुपये खर्च आला. ६०० रुपये भाडे देणाऱ्याचा वाटा १,४४० रुपये होतो आणि ४०० रुपये देणाऱ्याचा ९६०. वर्षभराचे व्याज धरले तरी या रकमा अनुक्रमे १,६५६ व १,१०४ रुपयांपलीकडे जात नाहीत. त्यांच्या वार्षिक भाड्याचा एकचतुर्थांश अनुक्रमे १,८०० व १,२०० रुपये आहे. म्हणजे चौघांचाही खर्च एका वर्षात फिटतो.

आता याच वाड्याची दुरुस्ती सात-आठ वर्षे लांबली, गळतीने आढे कुजले, भिंत फुगली आणि खर्च ४०,००० रुपयांवर गेला असे समजू. ६०० रुपये भाडे देणाऱ्याचा वाटा आता १२,००० रुपये होतो. त्यावर एका वर्षाचे व्याज १,८०० रुपये, आणि वर्षाकाठी कापता येणारी कमाल रक्कमही १,८०० रुपयेच. ४०० रुपये भाडे देणाऱ्याचे व्याज १,२०० रुपये आणि त्याची मर्यादाही तेवढीच. कपात आधी व्याजात धरली, तर मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही. व्याजावर पाणी सोडले तरी पूर्ण मुद्दल मिळण्यास सहा वर्षे आठ महिने लागतात.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. भाडेकरूचा वाटा त्याच्या वीस महिन्यांच्या भाड्याइतका झाला, की वसुली व्याजातच अडकून पडते. कायद्याने दिलेला हा हक्क वेळीच केलेल्या लहान दुरुस्तीच्या बाबतीत सकस आहे आणि उशिरा केलेल्या मोठ्या दुरुस्तीच्या बाबतीत दुबळा आहे. फुटलेले कौल ज्या वर्षी फुटले त्याच वर्षी नोटीस द्यावी, ही केवळ काटकसरीची शिकवण नव्हे. हक्क शाबूत राहावा म्हणूनही ते आवश्यक आहे.

भाडे अडवून धरू नये

रागाच्या भरात काही भाडेकरू संपूर्ण भाडेच बंद करतात. हा मार्ग धोक्याचा आहे. कायद्याने एकचतुर्थांशापर्यंतच कपात मान्य केली आहे. उरलेले भाडे दरमहा पोहोचले पाहिजे. भाडे थकले, तर मालक मागणीची नोटीस देऊन ९० दिवसांनंतर जागेच्या ताब्यासाठी दावा करू शकतो. मग दुरुस्तीचा मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि भाडेकरूच थकबाकीदार ठरतो. मालक भाडे घेण्याचे नाकारीत असेल, तर ते टपालाने किंवा बँकेमार्फत पाठवून त्याची नोंद ठेवावी. दिलेल्या भाड्याची पावती मिळणे हा कलम २६ नुसार भाडेकरूचा हक्क आहे. कपात केली त्या महिन्यात किती रक्कम, कोणत्या खर्चापोटी कापली, हे मालकाला लेखी कळवावे.

दुरुस्ती आणि सुधारणा यांतील भेदही ओळखावा. गळके छप्पर शाकारणे ही दुरुस्ती होय. सुस्थितीतील शहाबादी फरशी काढून संगमरवर बसविणे ही हौस होय, आणि हौसेचे पैसे मालकाकडे मागता येत नाहीत. लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केल्यास जागा सोडण्याची पाळी येऊ शकते. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, दार यांसारखी कामे कायद्याने पक्क्या बांधकामातून वगळली आहेत. पण त्यांना आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी लागतेच.

खर्चाच्या वसुलीवरून वाद उद्भवल्यास बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे जावे लागते. इतर ठिकाणी लघुवाद न्यायालय असेल तेथे त्याच्याकडे आणि नसेल तेथे दिवाणी न्यायालयाकडे दाद मागावी लागते.

गावातील घरे

१९९९ चा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. इतर गावांतील घरभाड्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू पडतो. त्याचे कलम १०८ सांगते की, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती नोटिशीनंतर वाजवी वेळेत त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापावा किंवा अन्यथा वसूल करावा. येथे एकचतुर्थांशाची मर्यादा नाही. परंतु हा कायदा दुरुस्तीचे सरसकट कर्तव्य मालकावर टाकीत नाही. मालक बांधील आहे की नाही, हे मुख्यतः करारावरून ठरते. म्हणून गावात तोंडी व्यवहारावर विसंबणे अधिकच जोखमीचे आहे. शिक्षकाने घेतलेली खोली असो वा अंगणवाडीसाठी घेतलेली जागा असो, दुरुस्ती कोणी करावी याची एक ओळ करारात असलीच पाहिजे.

ग्रामपंचायत स्वतःही गाळे भाड्याने देते. स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना १९९९ च्या अधिनियमातून सूट आहे. अशा वेळी कायद्याची सक्ती नाही म्हणून गाळ्याचे छत गळत ठेवणे पंचायतीला शोभत नाही. करारात दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहून पंचायतीनेच गावापुढे धडा घालून द्यावा.

करार लिहिताना केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याची अनुसूची मार्गदर्शक ठरते. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळांच्या वाहिन्या बदलणे आणि विजेच्या तारा ही कामे तिने मालकाकडे दिली आहेत. मोरीची सफाई, विजेची बटणे, खिडक्यांच्या काचा, नळाचे वायसर ही कामे भाडेकरूकडे आहेत. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा राज्यात लागू होत नाही. तथापि उभयपक्षी मान्य असेल, तर अशी वाटणी करारात उतरविण्यास कोणतीच आडकाठी नाही.

मालकाची बाजू

घरमालकाचे म्हणणेही कानाआड करून चालणार नाही. अनेक जुन्या चाळींची भाडी पिढ्यान्पिढ्या गोठलेली राहिली. प्रमाण भाड्याच्या त्या जुन्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले होते. १९९९ च्या अधिनियमाने मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढीचा अधिकार दिला. जो भाडेकरू दुरुस्तीची नोटीस देतो, त्याने ही वाढ विनातक्रार द्यावी. आणि जो मालक वाढ घेतो, त्याने पावसाळ्यापूर्वी एकदा छपरावर नजर टाकावी. पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिलेलाच आहे.

जेथे इमारतच जर्जर झाली आहे, तेथे भाड्यातील कपातीने काही साधत नाही. अशा वेळी नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करून धोकादायक बांधकामाची पाहणी मागावी. मुंबईच्या शहर विभागातील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकराची व दुरुस्ती मंडळाची योजना आणली. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. हे काम पुढे गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे आले. एकट्या मालकाच्या वा भाडेकरूच्या आवाक्याबाहेर गेलेली दुरुस्ती सार्वजनिक निधीतून करावी लागते, याची ती कबुलीच होती.

बंधुभगिनींनो, घर पडते तेव्हा मालकाची मिळकत जाते आणि भाडेकरूचा आसरा जातो. त्या घडीला खर्च कोणाचा हा वाद निरर्थक झालेला असतो. यंदा वैशाखातच आपल्या गावातील, आपल्या वाड्यातील गळक्या घरांची यादी करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना नोटीस लिहून द्यावी, दोन्ही पक्षांना पंचायतीत समोरासमोर बसवावे आणि ठरेल ते सह्यांनिशी कागदावर उतरवावे. आषाढाच्या सरी कोसळू लागल्यावर हे काम सुचून उपयोग नाही.