मक्का-मदिनेचा चिमुकला टीव्ही



हजहून माणूस घरी आला की आधी बॅगा उघडतात. झमझमचं पाणी घोट घोट वाटलं जातं, मदिनेचे अजवा खजूर शेजारीपाजारी जातात, मोठ्यांना जपाची तसबीह आणि नमाजाचं जानमाज मिळतं. आणि कितीतरी घरांत पोरांच्या हाती पडायचा तो प्लॅस्टिकचा चिमुकला टीव्ही, नाहीतर कॅमेरा.

खेळणं अगदी साधं. बारीक भिंगाला डोळा लावायचा, तोंड उजेडाकडे करायचं, बटण दाबायचं. खट्! काळ्या गिलाफातला काबा, त्यावर सोनेरी जरीची पट्टी. खट्! मदिनेचा हिरवा घुमट. खट्! मक्केजवळच्या मिनाचे पांढरे तंबू. आतली चकती फिरून पुन्हा काब्यावर येते, तोवर मागे उभं असलेलं भावंड 'आता मला दे' म्हणून बाही ओढू लागतं.

या खेळण्याचा मोठा भाऊ म्हणजे व्ह्यू-मास्टर. तो 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आला. मक्का-मदिनेची छायाचित्रं मात्र त्याहून पुष्कळ जुनी. इजिप्तच्या लष्करातले अधिकारी सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिनेचे फोटो काढले आणि 1880 च्या सुमारास मक्केचे. जिथे पोहोचायला माणसं आयुष्यभर पैसा साठवत, ती जागा पुढे पोरांच्या मुठीत आली.

हे खेळणं जपून ठेवावं, ते नुसत्या आठवणीसाठी नाही. चकती जुनी असेल तर तिच्यात आज नसलेली मक्का सापडू शकते. मक्केच्या हरम मशिदीशेजारच्या टेकडीवर अठराव्या शतकातला उस्मानी अजयाद किल्ला होता. 2002 मध्ये तो पाडला, टेकडीही सपाट केली. आज तिथे 601 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. मिनाचे तंबूही बदलले. एप्रिल 1997 मध्ये तिथे भीषण आग लागली, 340 हून अधिक यात्रेकरू दगावले, आणि त्यानंतर आग न पकडणारे तंबू आले. ज्या चकतीत त्याआधीचे कापडी तंबू दिसतात, ती चकती इतिहासाचं अस्सल साधन आहे. तिला रद्दीत घालणं हे मोठं नुकसान आहे.

प्रवासाचंही तसंच. आज हाजी विमानाने काही तासांत जेद्दाला उतरतात. पण 1995 पर्यंत मुंबईहून बोट जात होती. एका बाजूचं अंतर सुमारे 2,300 सागरी मैल, आणि जुन्या बोटींना बारा-पंधरा दिवस लागत. बंदरावर निरोप द्यायला गेलेल्या माणसांकडे सांगण्यासारखं खूप आहे. त्यातले बरेच जण आता वयस्कर झाले आहेत, म्हणून विचारायची घाई करा.

आणि बुलढाणा तालुक्यातल्या आपल्या धाडच्या मुलांना अशा वस्तू आणि आठवणी शोधायला दूर कशाला जायला हवं? याच तालुक्यात पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, चंदनाची मिरवणूक म्हणजे संदल निघतो. हिंदू-मुसलमान दोघंही येतात. त्या यात्रेतून आणलेली एखादी बाहुली, एखादी शिट्टी इथल्या घरांत, कुणाच्या तरी पेटीत नक्की असेल.

तेव्हा शाळेच्या पुढच्या स्नेहसंमेलनात एका वर्गखोलीत या वस्तूंचं प्रदर्शन मांडा. हजचा टीव्ही, सैलानीची शिट्टी, पंढरपूरहून आलेली तुळशीची माळ, सगळं एकाच टेबलावर. प्रत्येक वस्तूखाली छोटं कार्ड ठेवा: कुणी आणली, कोणत्या साली, बोटीने, एसटीने की पायी. वस्तू घासून चकचकीत करू नका. एखादीच्या मागे कुणी खिळ्याने नाव कोरलं असेल, तर ती उलटून सगळ्यांना दाखवा.